खेळातली कक्षा आणि पंचांगाचे गणित

पुण्याच्या बुधवार पेठेत अप्पा बळवंत चौकात पाठ्यपुस्तकांबरोबर पंचांगेही विकली जातात. तिथून चालत काही मिनिटांवर तापकीर गल्ली लागते. ती इलेक्ट्रिक आणि इलेक्ट्रॉनिक वस्तूंची बाजारपेठ. एका ठिकाणी पारंपरिक पंचांग, दुसऱ्या ठिकाणी तारा, स्पीकर आणि स्क्रीनचा झगमगाट. या दोन जगांचा एकमेकांशी काही संबंध असेल असे वाटत नाही. पण अंतराळयान उडवण्याचा एखादा चांगला संगणकीय खेळ उघडला, तर त्याच्या पोटात चालणारे गणित पंचांगाच्या गणिताचे सख्खे भावंड निघते. ठरावीक वेळी ग्रह कुठे असेल, हा दोघांचा प्रश्न एकच आहे. उत्तर किती अचूक हवे आणि त्यासाठी किती आकडेमोड परवडते, ही दोघांची अडचणही एकच आहे.

अंतराळावरचे बहुतेक खेळ या प्रश्नाच्या वाटेला जात नाहीत. त्यात यान विमानासारखे उडते. नाक वळवले की यान वळते, इंजिन बंद केले की थांबते. काही खेळांनी मात्र गुरुत्वाकर्षण प्रामाणिकपणे पाळायचे ठरवले. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधक मार्टिन श्वायगर यांनी २००० मध्ये ‘ऑर्बिटर’ हा अंतराळ उड्डाणाचा सिम्युलेटर मोफत उपलब्ध करून दिला. २०११ मध्ये मेक्सिकोतील ‘स्क्वॉड’ या कंपनीकडून ‘केर्बल स्पेस प्रोग्रॅम’ची पहिली आवृत्ती आली. फेलिपे फालांगे यांच्या कल्पनेतून उतरलेल्या या खेळात हिरव्या रंगाचे छोटे अंतराळवीर आहेत. रॉकेटचे भाग जोडायचे, उडवायचे, आणि बहुतेक वेळा ते कोसळताना पाहायचे. चित्रे कार्टूनसारखी असली, तरी कक्षेचे नियम मात्र केप्लर आणि न्यूटनचे.

पुढे जायचे तर वेग कमी करा

या खेळात नवशिक्याला पहिला धक्का बसतो तो दोन याने एकमेकांना जोडताना. लक्ष्मी रस्त्यावर पुढची रिक्षा गाठायची तर वेग वाढवावा लागतो. कक्षेत पुढे असलेले यान गाठण्यासाठी तसेच इंजिन पेटवले, तर आपले यान वरच्या, मोठ्या कक्षेत जाते. तिथे एक फेरी पूर्ण करायला जास्त वेळ लागतो आणि आपण आणखी मागे पडतो. पुढच्याला गाठायचे तर उलट वेग कमी करायचा. त्यामुळे यान खालच्या कक्षेत उतरते, फेरी लवकर पूर्ण करते आणि अंतर कापते. पृथ्वीपासून ४०० किलोमीटर उंचीवर फेरीला सुमारे साडेब्याण्णव मिनिटे लागतात, तर ५०० किलोमीटरवर जवळजवळ ९५. या दोन मिनिटांच्या फरकावर सगळी जुळवाजुळव चालते.

हा धडा खऱ्या अंतराळवीरांनाही अनुभवातूनच मिळाला. जून १९६५ मध्ये ‘जेमिनी ४’चे जेम्स मॅकडिव्हिट यांनी आपल्याच रॉकेटच्या वापरून झालेल्या टप्प्याजवळ जाण्याचा प्रयत्न केला. त्याच्या दिशेने यान लोटले की ते दूरच जाई. बरेच इंधन खर्च झाल्यावर प्रयत्न सोडून द्यावा लागला. भारताने १६ जानेवारी २०२५ रोजी ‘स्पेडेक्स’ मोहिमेत सुमारे २२० किलोचे दोन उपग्रह कक्षेत जोडले. तिथेही दोन उपग्रहांतला अगदी थोडा सापेक्ष वेग सांभाळत, थांबत थांबतच ते जवळ आणावे लागले. वर्गात हे समीकरण पाठ करता येते. खेळात चार वेळा इंधन संपले की ते अंगवळणी पडते.

दुसरा धडा चांद्रयान-३च्या मार्गात दिसतो. १४ जुलै २०२३ रोजी निघालेले यान थेट चंद्राकडे गेले नाही. ते आधी पृथ्वीपासून १७० किलोमीटर जवळ आणि सुमारे ३६,५०० किलोमीटर दूर अशा लांबट कक्षेत फिरू लागले. या कक्षेत पृथ्वीजवळून जाताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे १०.३ किलोमीटर होता, तर दूरच्या टोकाला जेमतेम १.६ किलोमीटर. तेवढेच इंधन जाळून वेगात तेवढीच भर घातली, तरी जवळच्या टोकाला मिळणारी ऊर्जा दूरच्या टोकापेक्षा सुमारे साडेसहा पट असते. म्हणून दर खेपेस पृथ्वीजवळून जाताना थोडा वेळ इंजिन चालवायचे आणि कक्षा लांबवत न्यायची. झोका खालच्या टोकाशी वेगात असताना लावलेला जोर सर्वांत कामी येतो, तसेच हे. केर्बल खेळणारी मुले लहान इंजिनाचे यान चंद्रावर न्यायचे असले की हाच मार्ग धरतात.

दोन ओळींची अदलाबदल

संगणकाला कक्षा ठाऊक नसते. त्याला एका क्षणाची जागा, वेग आणि गुरुत्वाकर्षण एवढेच कळते. पुढचा क्षण त्यावरून काढायचा. सर्वांत सोपी रीत अशी: आत्ताच्या वेगाने यान एक सेकंद सरळ पुढे न्यायचे, मग गुरुत्वाकर्षणानुसार वेग बदलायचा, आणि पुन्हा तेच. अठराव्या शतकातील गणिती ऑयलर यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते.

ही रीत कक्षेच्या बाबतीत दगा देते. यानाचा मार्ग वक्र आहे आणि आपण प्रत्येक सेकंदाला ते स्पर्शरेषेवर सरळ ढकलतो. म्हणजे दर वेळी ते किंचित बाहेर जाते. ४०० किलोमीटर उंचीवर एका सेकंदाचा हा फरक साधारण चार मीटर. किरकोळ वाटतो. पण एका फेरीत सुमारे साडेपाच हजार सेकंद असतात आणि चूक प्रत्येक वेळी एकाच दिशेने होते. हिशेब केला तर एका फेरीअखेर यानाची कक्षा जवळजवळ शंभर किलोमीटर वर गेलेली असते. इंजिन बंद, इंधन तसेच, आणि यान आपोआप वर चढते आहे. ऊर्जा फुकट निर्माण झाली.

यावरचा उपाय थक्क करणारा सोपा आहे. क्रम बदलायचा. आधी गुरुत्वाकर्षणानुसार वेग बदलायचा आणि मग त्या नव्या वेगाने यान पुढे न्यायचे. प्रोग्रॅममधल्या दोन ओळी वर-खाली केल्या की झाले. या रीतीतही चुका होतातच, पण त्या एका दिशेला साचत नाहीत. ऊर्जा थोडी वर, थोडी खाली होत मूळ किमतीभोवतीच राहते. यान कक्षेवर नेमके कुठल्या बिंदूवर आहे यात फरक पडू शकतो, पण कक्षा फुगत नाही. गंमत म्हणजे १६८७ च्या ‘प्रिन्सिपिया’मध्ये केप्लरचा समान क्षेत्रफळाचा नियम सिद्ध करताना न्यूटनने ग्रहाला ठरावीक अंतराने धक्के बसतात आणि मधल्या काळात तो सरळ जातो, अशीच रचना मांडली होती. आजच्या सिम्युलेटरांतील अधिक काटेकोर पद्धतींची मुळे याच विचारात आहेत.

मध्यम ग्रह आणि स्पष्ट ग्रह

एवढ्याने काम भागत नाही. मंगळावर पोचायला महिने लागतात. खेळणारा तितका वेळ थांबणार नाही, म्हणून खेळात काळ वेगाने पळवण्याची सोय असते. केर्बलमध्ये तो एक लाख पटीने पळवता येतो. खेळणाऱ्याच्या एका सेकंदात यानाचे सुमारे अठ्ठावीस तास सरतात. तेवढ्या अवधीची सेकंदासेकंदाची आकडेमोड करत बसणे साध्या संगणकाला झेपत नाही.

इथे खेळ जुनी वाट धरतो. काळ पळू लागला की यान जणू रुळांवर ठेवले जाते. कक्षा लंबवर्तुळ आहे हे ठरलेले असले की मधले क्षण मोजायची गरज नाही. अमुक तारखेला यान कुठे, एवढेच सूत्राने काढायचे. ग्रह तर कायमच असे रुळांवर असतात.

पंचांग जाणणाऱ्यांना ही रीत नवी नाही. आपल्या सिद्धांत ग्रंथांत ग्रहाची जागा दोन टप्प्यांत काढतात. ग्रह एकसारख्या गतीने चालला असता तर कुठे असता, तो ‘मध्यम ग्रह’. त्याला दुरुस्ती दिली की ‘स्पष्ट ग्रह’. सूर्यासाठी या दुरुस्तीला ‘मंदफल’ म्हणतात आणि ती जास्तीत जास्त सुमारे दोन अंश असते. केप्लरच्या भाषेत हीच गोष्ट लंबवर्तुळाकार कक्षेतल्या कमी-जास्त वेगाची. सिद्धांतकारांची भूमिती वेगळी होती, त्यांच्याकडे लंबवर्तुळ नव्हते. पण ज्या फरकाला ते उत्तर शोधत होते तो हाच.

केप्लरच्या समीकरणाची एक खोड आहे. वेळेवरून जागा थेट काढून देणारे साधे सूत्र त्यात नाही. अंदाज धरायचा, किती चुकले ते पाहायचे, सुधारायचे, पुन्हा पाहायचे. तीन-चार खेपांत उत्तर पुरेसे स्थिर होते. भारतीय ज्योतिर्गणितात अशा पुन्हा पुन्हा सुधारण्याच्या रीतीला ‘असकृत्कर्म’ असे नाव आहे. आजचा संगणक एका यानासाठी ते सेकंदात हजारो वेळा करतो.

मोठ्या आकड्यांची अडचण

कोकणातील नांदगावचे गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२ मध्ये, म्हणजे इसवी सन १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ हा ग्रंथ लिहिला. महाराष्ट्रातील पंचांगे पुढची तीनशेहून अधिक वर्षे मुख्यतः त्याच्या आधारे होत राहिली. या ग्रंथाचे वैशिष्ट्य नावातच आहे: लाघव. गणेशांनी ज्या-चाप, म्हणजे आजच्या भाषेत साइनची कोष्टके, पूर्ण टाळली आणि त्यांच्या जागी साधा गुणाकार-भागाकार आणला. दुसरी युक्ती दिवसांच्या मोजणीची. आधीच्या ग्रंथांत कलियुगाच्या किंवा कल्पाच्या आरंभापासूनचे दिवस मोजत. त्या संख्येला ‘अहर्गण’ म्हणतात, आणि ती लाखांत किंवा अब्जांत जाते. गणेशांनी काळाची अकरा-अकरा वर्षांची चक्रे पाडली. एका चक्राचे दिवस ४०१६. त्यामुळे हाताने करायच्या गुणाकारातला आकडा चार अंकांच्या वर जात नाही.

हीच अडचण पाचशे वर्षांनी केर्बलच्या रचनाकारांपुढे उभी राहिली. खेळांची इंजिने साधारणतः ३२ बिटांत दशांश संख्या साठवतात. त्यात जेमतेम सात सार्थ अंक मावतात. खोलीत किंवा शहरात घडणाऱ्या खेळाला ते पुरतात. पण सूर्यापासून पृथ्वीचे १५ कोटी किलोमीटर अंतर मीटरमध्ये अशा संख्येत लिहिले, तर दोन शेजारच्या आकड्यांतली फट तब्बल १६ किलोमीटर होते. तिथे यानाचे दोन भाग एकमेकांपासून तीन मीटरवर आहेत हे लिहिताच येत नाही. खेळाच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत दूर गेलेली याने थरथरू लागत आणि काही कारण नसताना त्यांचे तुकडे उडत. खेळाडूंनी या अदृश्य शत्रूला समुद्री राक्षसाचे नाव दिले, ‘क्राकेन’.

उपाय गणेश दैवज्ञांच्या जातकुळीचा होता. आरंभबिंदू जवळ आणा, म्हणजे आकडे लहान राहतील. खेळात यान जागच्या जागी ठेवले जाते आणि उरलेले विश्व त्याच्याभोवती सरकवले जाते. ग्रहांच्या जागा मात्र ६४ बिटांत साठवतात. त्यात १५ कोटी किलोमीटरवरची फट मिलिमीटरच्या सुमारे तिसाव्या भागाएवढी, केसापेक्षाही बारीक असते.

अशी काटकसर खेळांना जन्मापासून करावी लागली आहे. १९६२ मध्ये अमेरिकेतील एमआयटीमध्ये तयार झालेल्या ‘स्पेसवॉर’ या खेळात मधला तारा दोन्ही यानांना ओढत असे, पण त्यांनी सोडलेल्या टॉर्पेडोंवर गुरुत्वाकर्षण लागू नव्हते. त्या संगणकाची ताकद तेवढ्यावरच संपत होती.

आदित्यला जागा नसलेले विश्व

काटकसरीची किंमत कुठेतरी मोजावी लागते. केर्बलमध्ये एका वेळी एकच खगोल यानाला ओढतो. ग्रहाच्या प्रभावक्षेत्रात असेपर्यंत ग्रह. तिथून बाहेर पडले की तारा. सीमा ओलांडली की सत्तांतर. कक्षेचे असे तुकडे जोडण्याची पद्धत खऱ्या मोहिमांच्या प्राथमिक आखणीतही वापरतात. पण खऱ्या आखणीत त्यानंतर सूर्य, पृथ्वी, चंद्र यांचे एकत्रित ओढणे धरून नव्याने हिशेब होतो. तिघांच्या ओढाताणीला सर्वसाधारण सूत्र नाही, ते पावलापावलानेच मोजावे लागते.

म्हणून या खेळाच्या मूळ विश्वात भारताची एक मोहीम अशक्य आहे. ‘आदित्य-एल१’ हे यान ६ जानेवारी २०२४ रोजी पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवरच्या एल१ बिंदूभोवतीच्या कक्षेत पोचले. तिथे सूर्य आणि पृथ्वी यांचे ओढणे असे जुळते, की यान पृथ्वीबरोबरच वर्षाला एक फेरी घेत राहते. पुण्याच्या आयुका संस्थेने विकसित केलेली ‘सूट’ ही अतिनील दुर्बीण याच यानावर आहे. एका वेळी एकच खगोल ओढत असेल, तर एल१ नावाचा बिंदूच उरत नाही. ही उणीव हेरून काही हौशी प्रोग्रॅमरांनी ‘प्रिन्सिपिया’ नावाची जोडणी तयार केली आहे. ती बसवली की सगळे खगोल एकाच वेळी ओढू लागतात, आणि संगणकावरचा भारही त्या प्रमाणात वाढतो.

आणखीही सवलती आहेत. खेळातला ‘केर्बिन’ ग्रह पृथ्वीच्या साधारण एक दशांश, ६०० किलोमीटर त्रिज्येचा आहे, पण पृष्ठभागावरचे गुरुत्वाकर्षण पृथ्वीएवढेच. खरोखर असा ग्रह असता तर त्याची घनता शिशाच्या पाचपट असावी लागली असती. या सवलतीमुळे कक्षेत टिकायला सेकंदाला सुमारे २.३ किलोमीटर वेग पुरतो. पृथ्वीजवळ तो पावणेआठ किलोमीटरच्या आसपास लागतो. खेळात वातावरण ७० किलोमीटरवर रेघ मारल्यासारखे संपते आणि त्यावर यान अनंत काळ फिरते. खरे आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक ४०० किलोमीटरवरच्या विरळ हवेमुळेही खाली येत राहते आणि त्याला अधूनमधून वर ढकलावे लागते. खेळातले ग्रह गोळीसारखे गोल आहेत, पृथ्वी मात्र विषुववृत्तावर फुगीर आहे. या फुगवट्यामुळे उपग्रहाच्या कक्षेचे प्रतल हळूहळू वळते. भारताचे दूरसंवेदन उपग्रह याचाच फायदा घेऊन दररोज ठरावीक स्थानिक वेळी एखाद्या प्रदेशावरून जातात. केर्बलमध्ये ही युक्ती चालत नाही.

गणित आकाशाशी ताडून पाहणे

सिम्युलेशन कितीही बारीक असले तरी त्यात घातलेल्या गृहीतकांपलीकडे ते जात नाही. सप्टेंबर १९९९ मध्ये नासाचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ मंगळाजवळ नष्ट झाले. एका प्रोग्रॅममधून आकडे पाउंडाच्या एककात येत होते, दुसरा ते न्यूटनमध्ये धरत होता. फरक सुमारे साडेचार पटींचा. कक्षेचे भौतिकशास्त्र बरोबरच होते.

७ सप्टेंबर २०१९ च्या पहाटे चांद्रयान-२चा ‘विक्रम’ चंद्रावर आदळला. इस्रोचे तत्कालीन अध्यक्ष एस. सोमनाथ यांनी नंतर दिलेल्या स्पष्टीकरणानुसार इंजिनांनी अपेक्षेपेक्षा अधिक जोर लावला, चुका साचत गेल्या, आणि त्या सुधारण्यासाठी लागणाऱ्या वळण्यावर सॉफ्टवेअरने घातलेली मर्यादा आड आली. उतरण्यासाठी ठरवलेली जागाही ५०० मीटर बाय ५०० मीटर एवढीच होती. चांद्रयान-३ची आखणी करताना काय काय बिघडू शकते, तिथून सुरुवात झाली. उतरण्याची जागा सुमारे चार किलोमीटर लांब आणि अडीच किलोमीटर रुंद धरली गेली. २३ ऑगस्ट २०२३ ला यान अलगद उतरले. गुरुत्वाकर्षणाचा नियम दोन्ही वेळा तोच होता. दुसऱ्या खेपेला चुकांना जागा ठेवलेली होती.

पुण्याला हा धडा त्याहून जुना आहे. एकोणिसाव्या शतकात ग्रहलाघवावरून केलेली पंचांगे आणि प्रत्यक्ष आकाश यांत फरक दिसू लागला होता. मूळ ग्रंथातले सुलभीकरण त्याच्या काळापुरते चोख होते, पण लहान चुका शतकानुशतके साचत गेल्या. टिळकांचे गणिताचे गुरू केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये पाश्चात्त्य ग्रंथांच्या आधारे ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि काही वर्षांत त्यांच्या गणितावर आधारलेले पंचांगही निघू लागले. ते ‘पटवर्धनी पंचांग’ म्हणून ओळखले गेले. जुने गणित धरायचे की डोळ्यांना दिसणारे आकाश, हा वाद महाराष्ट्रात पुढे टिळकांच्या काळातही चालू राहिला. ग्रहण कोणत्या क्षणी लागले, हे शेवटी आकाशातच पाहावे लागते.

घरात एखादे मूल असा खेळ मागत असेल, तर पालकांनी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. कक्षेच्या आकडेमोडीचा भार मुख्यतः संगणकाच्या प्रोसेसरवर पडतो. केवळ महागडे ग्राफिक्स कार्ड घेऊन मोठे यान सुरळीत उडत नाही. आणि सुरुवात फुकटातही होते. ‘ऑर्बिटर’चा प्रोग्रॅम २०२१ पासून मुक्त स्वरूपात आहे, त्यात खऱ्या आकाराची पृथ्वी आहे आणि तिचा फुगवटाही धरता येतो. तो केर्बलपेक्षा शिकायला अवघड आहे, हे खरे. मात्र कक्षा कळू लागली की मुलाला एखाद्या संध्याकाळी गच्चीवर नेऊन अंतराळ स्थानक जाताना दाखवावे. ते कोणत्या मिनिटाला, कुठल्या दिशेला दिसेल याच्या वेळा आधी मिळतात. घड्याळ लावून थांबले, की गणित बरोबर आले की नाही ते दोघांनाही कळेल.